मराठीत न शिकल्याचा दाखला

जपानमधल्या सरकारी शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक व्हायचं असेल, तर पदवी, पासपोर्ट आणि पोलिसांचा दाखला यांच्याबरोबर आपल्यासारख्यांना आणखी एक कागद जोडावा लागतो. शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी, त्यावर एवढंच लिहिलेलं असतं की सदर विद्यार्थ्याचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं आहे. शाळा-कॉलेज मिळून अशी १२ वर्षं भरायला हवीत. ११ भरली तर चालत नाहीत. ही कुठल्या एजन्सीने मनाने घातलेली अट नाही, जपानच्या इमिग्रेशनच्या नियमांतच ती लिहिलेली आहे. शाळेत परकीय भाषा शिकवायला येणाऱ्या अशा माणसाने त्याच भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं, असं तो नियम म्हणतो.

अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन उमेदवाराला ही अट जाणवतही नाही. पहिलीत नाव घातलं त्या दिवसापासून ती आपोआप पुरी होत आलेली असते. आपल्याकडे मात्र या कागदाचा अर्थ फिरतो. पहिली ते बारावी इंग्रजीतून शिकलो, म्हणजे पहिली ते बारावी मराठीतून शिकलो नाही. थोडक्यात, जपानच्या दारात मराठी माणसाला मराठीत न शिकल्याचा दाखला दाखवावा लागतो.

माझ्याकडे तो होता. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इंग्लिश मीडियममध्ये शिकलो, मग पुण्यात इंजिनिअरिंग, मग तीन वर्षं हिंजवडी. २०२२ ते २०२४ ही दोन वर्षं मी जपानमधल्या एका लहान शहरात एका माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक होतो. आता जपानमध्येच सॉफ्टवेअरचं काम करतो. ती दोन वर्षं वाईट गेली नाहीत. मुलांनी जीव लावला, शाळेतलं दुपारचं जेवण उत्तम असायचं आणि अप्रेझल नावाची गोष्ट मी विसरूनच गेलो होतो.

त्यामुळे पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या मुलामुलींचे मेसेज येतात तेव्हा त्यांचं म्हणणं मला कळतं. आयटीचा कंटाळा आलाय, बेंचवर बसवलंय, ॲनिमे बघून बघून जपान ओळखीचं वाटायला लागलंय, आणि इंग्रजी तर येतंच. मग काय अडचण आहे? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर देतो. ही अट अन्यायाची आहे, ही नोकरी दिसते तशी नाही, आणि ज्या इंग्रजीला आपण घराण्याची सगळ्यात मोठी कमाई समजतो तिचा खरा भाव जपानमध्ये कळतो. या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

नोकरी म्हणजे नेमकं काय

या कामाला जपानमध्ये सगळे ‘एएलटी’ म्हणतात, असिस्टंट लँग्वेज टीचर. जायच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली सरकारी, जेट प्रोग्रॅम. तो १९८७ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले होते. जपानची तीन मंत्रालयं आणि स्थानिक संस्था मिळून तो चालवतात. सहभागी लोकांतले ९० टक्क्यांहून जास्त एएलटी असतात. पदवी कुठल्याही विषयातली चालते, शिक्षकाचं प्रशिक्षण लागत नाही, जपानी यायची गरज नाही. पहिल्या वर्षाचा पगार बरीच वर्षं ३३ लाख ६० हजार येन होता, २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी तो ४० लाखांच्या पुढे गेला आहे. दरवर्षी करार नवा होतो आणि पाच वर्षांनंतर तुमचा मुक्काम संपतो.

दुसरी वाट म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या शिक्षण मंडळाने थेट घेणं. तिसरी, आणि भारतातून जाणाऱ्याला बहुतेक वेळा सापडते ती, खासगी कंपनीची. शिक्षण मंडळ एएलटी पुरवण्याचा ठेका काढतं, कंपन्या बोली लावतात, ज्याची बोली कमी त्याला ठेका. मी या तिसऱ्या वाटेने गेलो. करारात महिन्याला २ लाख ३० हजार येन होते. रुपयांत हा आकडा सव्वा लाखाच्या आसपास जातो आणि घरी सांगायला छान वाटतो. शाळेला सुट्टी असलेल्या महिन्यांत तो कमी होतो आणि दुसऱ्या वर्षापासून आदल्या वर्षीच्या कमाईवरचा रहिवासी कर भरावा लागतो, हे घरी सांगायचं राहून जातं.

आयटीतल्या माणसाला या तिसऱ्या वाटेचं गणित समजावून सांगायला नको. सर्व्हिस कंपनी, क्लायंट साइट, ठेक्यावर लागलेला माणूस. कंटाळून आपण हिंजवडी सोडतो आणि चार हजार मैलांवर जाऊन पुन्हा क्लायंट साइटवर डिप्लॉय होतो. फक्त यावेळी क्लायंट म्हणजे पाचवी ‘ब’ असते.

यातही एक गंमत आहे. अनेक ठेके ‘ग्योमु इताकु’ या प्रकारचे असतात, म्हणजे काम संपूर्णपणे बाहेरच्या कंपनीकडे सोपवलेलं. अशा करारात जपानच्या कायद्याप्रमाणे ग्राहकाने कंपनीच्या माणसाला थेट सूचना द्यायच्या नसतात, तसं केलं तर तो खोटा ठेका ठरतो. म्हणजे वर्गात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला ‘आज हा धडा जरा हळू वाचा’ असं सांगायचं नाही. त्यांनी ते माझ्या कंपनीला कळवायचं आणि कंपनीने मला. दुसरीकडे, माझ्याकडे शिक्षकाचा परवाना नसल्यामुळे मी एकट्याने वर्ग घ्यायचा नाही आणि मार्क द्यायचे नाहीत. दोघांनी मिळून शिकवायचं, पण एकमेकांशी ठरवायचं नाही. व्यवहारात माणसं समजूतदारपणे यातून वाट काढतात, पण ती वाट नियम वाकवून काढावी लागते. नोकरीची रचनाच अशी असेल, तर ती रचणाऱ्यांना तिच्याकडून शिकवण्याची अपेक्षा किती होती हे उघड आहे.

मामेबहिणीची १२ मधली ५ वर्षं

आता त्या अटीकडे येतो.

माझी एक मामेबहीण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी आर्ट्सही मराठीतून. मग इंग्रजी विषय घेऊन बीए, त्यानंतर इंग्रजीतच एमए. आज ती एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, त्यातली बहुतेक घरात इंग्रजीचा एक शब्द न ऐकलेली. त्या मुलांना ती परीक्षेपुरतं शिकवून थांबत नाही, त्यांना बोलतं करते. मी जपानला निघालो तेव्हा तिनेही चौकशी केली. कंपनीने तिच्या माध्यमाची वर्षं मोजली. बीएची तीन आणि एमएची दोन मिळून पाच. बारातून सात कमी पडली. मुलाखतीपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

मी मात्र पात्र ठरलो. इंजिनिअरिंगला जाण्यासाठी मी इंग्रजी साहित्याचं एक पानही वाचलं नव्हतं. माझं इंग्रजी म्हणजे स्टँडअप मीटिंगमधलं, तिकिटांतलं आणि ईमेलमधलं. ‘प्लीज डू द नीडफुल’ या वाक्यावर माझी तीन वर्षं निघाली होती. पण नियमाच्या नजरेत मी इंग्रजीचा माणूस आणि ती नव्हे.

अटीच्या बाजूने लोक सांगतात की मुलांसमोर चुकीचं इंग्रजी जायला नको, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मान्य आहे. पण ही रेघ इंग्रजीच्या दर्जावर ओढलेलीच नाही. दर्जा पाहायचा असता तर परीक्षा घेतली असती. इंग्रजी मोजणाऱ्या परीक्षा जगात पुरेशा आहेत आणि जपानी कंपन्याही आपल्या नोकरदारांना त्यांना बसवतात. फिनलंडमध्ये फिनिश भाषेतून शिकलेला माणूस माझ्यापेक्षा सफाईने इंग्रजी बोलतो, या नियमाने तोही बाहेरच. म्हणजे गाळणीतून कोण खाली पडतं? ज्यांनी आपली भाषा सोडली नाही आणि तरी इंग्रजी कमावलं, नेमके ते. आणि कोण टिकतं? जन्माने इंग्रजीत असलेले आणि त्यांच्या मागोमाग, आईबापांनी वेळेत आपली भाषा बदललेले आम्ही.

या गाळणीत शिकवण्याचंही नुकसान आहे. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदं नाहीत. जपानीतही नाहीत. त्यामुळे मराठी मूल जिथे अडखळतं तिथेच जपानी मूल अडखळतं. ‘आय हॅव डॉग’ का चालत नाही, असं आठवीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं. त्याच्यासाठी तो अगदी खरा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता. लहानपणापासून कानाला सवय झालेली. मामेबहिणीला तो पडला होता. सहावीत असताना पडला, तिने तो सोडवला आणि आता दरवर्षी दीडशे मुलांना ती तो सोडवून देते. एखादी भाषा परकी म्हणून शिकलेल्या माणसाला तिच्यातले खड्डे कुठे आहेत ते पायाने माहीत असतं. जपानी मुलांना अशी शिक्षिका हवी होती. नियमाने त्यांना मी दिला.

मी करत काय होतो, तेही सांगतो. पुस्तकातला संवाद मोठ्याने वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचा. शब्दांची कार्डं दाखवायची. प्राथमिक शाळेत खेळ घ्यायचे. वक्तृत्व स्पर्धा आली की दोन मुलांचे उच्चार घोटून घ्यायचे. या कामात आनंद होता आणि काही वर्गांत तो दोन्ही बाजूंनी होता. पण एएलटी मंडळी स्वतःलाच विनोदाने टेपरेकॉर्डर म्हणवून घेतात, त्यात विनोद थोडाच असतो. आता प्रत्येक जपानी मुलाच्या दप्तरात शाळेचा टॅब्लेट आहे आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवर तोच संवाद माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारात ऐकू येतो.

ज्या देशाचं इंग्रजीवाचून अडत नाही

मग इतका खर्च करून, इतकी माणसं आणून हा देश हे का करतो? २०११ पासून जपानमध्ये पाचवी-सहावीला परकीय भाषेचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० पासून इंग्रजी हा त्या इयत्तांचा रीतसर विषय झाला आणि उपक्रम तिसरी-चौथीपर्यंत खाली आले. तरीही दुकानात, बँकेत, नगरपालिकेत, दवाखान्यात तुमचं इंग्रजी फारसं कामाला येत नाही. मुलं शिकत नाहीत असं नाही. त्यांना त्याची गरज पडत नाही, कारण त्यांच्या देशात डॉक्टर होण्यापासून रॉकेट बनवण्यापर्यंत सगळं जपानीतून करता येतं.

२००८ मध्ये तोशिहिदे मास्कावा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं आणि नोबेलचं व्याख्यान त्यांनी जपानीत दिलं. माझ्या आताच्या ऑफिसजवळच्या पुस्तकांच्या दुकानात प्रोग्रॅमिंगच्या जपानी पुस्तकांचं एक आख्खं कपाट आहे, त्यात भाषांतरं आहेत आणि मूळ जपानीत लिहिलेलीही आहेत. माझ्या टीममधल्या सीनिअर माणसाला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समधलं जे येतं त्यातलं निम्मं मला येत नाही. त्याने ते सगळं स्वतःच्या भाषेत वाचलेलं आहे.

हे आपोआप घडलेलं नाही. १८७० च्या दशकात जपानलाही हा मोह पडला होता. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये जपानचे प्रतिनिधी असलेले मोरी आरिनोरी यांनी, जे पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले, जपानने इंग्रजीच स्वीकारावी असा विचार मांडला. येलमधले संस्कृतचे पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांचं मत त्यांनी मागवलं. व्हिटनी यांनी स्वतःची भाषा सोडू नका असा सल्ला दिला. आणि लंडनमध्ये शिकत असलेल्या बाबा तात्सुई या विशीतल्या तरुणाने १८७३ मध्ये जपानी भाषेचं व्याकरण इंग्रजीत लिहून मोरींना उत्तर दिलं. त्याचा मुद्दा असा होता की इंग्रजी शिकायला ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा आहे तेच राज्यकारभारात राहतील आणि बाकीची जनता स्वतःच्याच देशाच्या कामकाजातून बाहेर पडेल. हा मुद्दा वाचून तुम्हाला कुठला देश आठवला, ते मी सांगायला नको.

जपानने बाबांचं ऐकलं. परदेशी तज्ज्ञ भरपूर पगार देऊन आणले, त्यांच्याकडून विद्या घेतली, ती जपानी शब्दांत उतरवली आणि तज्ज्ञांना निरोप दिला. १८९० मध्ये लाफ्कादिओ हर्न मात्सुए गावात इंग्रजी शिकवायला आले. पुढे टोकियोच्या विद्यापीठात ते शिकवत होते ती जागा १९०३ मध्ये नात्सुमे सोसेकींकडे गेली, आणि सोसेकी पुढे जपानी कादंबरीचे मोठे लेखक झाले. परका येतो, शिकवतो, आपला माणूस तयार होतो, परका जातो. करारावर येणाऱ्या परक्या शिक्षकाकडून या देशाची अपेक्षा फार जुनी आणि फार स्पष्ट आहे. त्यात जपानचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एएलटीला कायमची जागा का मिळत नाही याचं कारणही तिथेच सापडतं.

आपण नेमकं उलट केलं. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्विस यांनी इंजिनिअरिंगच्या वर्गासाठी गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती. तो रस्ता पुढे बंद पडला. मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायची परवानगी एआयसीटीईने दिली ती २०२१ मध्ये. मधली दोनशे वर्षं कुठे गेली? त्या दोनशे वर्षांत आपण घरोघरी ठरवून टाकलं की ज्ञान मराठीत येणार नाही, तेव्हा मुलालाच इंग्रजीत पाठवू.

त्यासाठी मी आईवडिलांना दोष देत नाही. माझ्या वडिलांनी फी भरण्यासाठी ओव्हरटाइम केला. त्यांना समोर जी बाजारपेठ दिसत होती तिच्यात त्यांचा हिशेब बरोबर होता. माझं भांडण त्या बाजारपेठेशी आहे, आणि जपानची ही नोकरी म्हणजे त्या बाजाराची सगळ्यात उघडी पावती आहे. जो देश स्वतःच्या भाषेत शिकतो त्याला तोंडी लावायला इंग्रजी लागतं. ते पुरवायला तो अशा देशातून माणसं घेतो जिथल्या लोकांनी स्वतःच्या भाषेत शिकायचं सोडलं. आणि तसं सोडल्याचा पुरावा म्हणून १२ वर्षांचा दाखला मागतो.

अ इ उ ए ओ

एकदा सहावीच्या वर्गात धडा लवकर संपला. बाईंनी खुणेनेच सांगितलं, काहीतरी करा. मी फळ्यावर मुलांची नावं देवनागरीत लिहिली. मग आपली बाराखडी कशी चालते ते दाखवलं आणि शेजारी त्यांची वर्णमाला लिहिली: अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आधी, मग कंठातून ओठाकडे येणारी व्यंजनं, शेवटी य, र, व. त्यांचा ‘हा’ फार पूर्वी ‘प’ होता हे कळलं की क, च, त, प हा आपला क्रम जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकले आणि त्या अभ्यासातून जपानी वर्णमालेला हा क्रम मिळाला. सिद्धम् आणि देवनागरी एकाच ब्राह्मी घराण्यातल्या. जपानी स्मशानात थडग्यांमागे लाकडी पट्ट्या उभ्या असतात, त्यांवर आजही सिद्धम् अक्षरं असतात. त्या पट्ट्यांना ‘सोतोबा’ म्हणतात, आणि तो शब्द म्हणजे आपला स्तूप.

वर्ग शांत झाला होता. दोन वर्षांत मी त्यांना खरोखर काही शिकवलं असेल तर त्या वीस मिनिटांत. आणि ते शिकवायला माझं इंग्रजी कामी आलं नाही. कामी आली ती दाखल्यावर नसलेली भाषा.

जपानी शिकताना हे पदोपदी जाणवतं. ‘वाताशी वा गाक्को नि इकिमासु’ म्हणजे मी शाळेत जातो. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, आदराप्रमाणे बदलणारी क्रियापदं. इंग्रजीतून जपानीकडे जाणाऱ्याला सगळं वाक्य उलटं करावं लागतं, मराठीतून जाणाऱ्याला फक्त शब्द बदलावे लागतात. कांजी अक्षरं सगळ्यांनाच रडवतात, तिथे आपल्याला सवलत नाही. पण बाकीच्या वाटेवर आपण निम्मं अंतर चाललेले असतो. ज्या भाषेमुळे मामेबहीण अपात्र ठरली तीच भाषा जपानमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकते.

मी एएलटी असतानाच रात्री बसून जपानीची एन-२ परीक्षा दिली आणि त्यावर आताची नोकरी मिळाली. या वेळी व्हिसासाठी माझी पदवी पाहिली गेली, माध्यम कोणी विचारलं नाही. योगेंद्र पुराणिक हे नाव तुम्ही ऐकलं असेल. महाराष्ट्रातून गेलेला हा माणूस २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आला आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कुलात आधी उपमुख्याध्यापक, मग मुख्याध्यापक झाला. ज्या शाळांमध्ये आपण साहाय्यक म्हणून जायला धडपडतो, तसल्या शाळेचा तो प्रमुख झाला. जपानी भाषेवाचून हे घडणं शक्य नव्हतं.

मग काय करायचं

‘तू स्वतः त्याच वाटेने गेलास आणि आता आम्हाला अडवतोस’ असं कोणी म्हणेल. अडवत नाही. जेट मिळत असेल तर जरूर जा, पगार बरा आहे आणि तिथे थोडी प्रतिष्ठाही आहे. कंपनीच्या वाटेने जायचं असेल तर करार कुठल्या प्रकारचा आहे, सुट्टीच्या महिन्यांत किती मिळणार, आरोग्यविमा आणि पेन्शन कोण भरणार, हे सही करण्याआधी लेखी विचारा. पण कुठल्याही वाटेने गेलात तरी ही नोकरी म्हणजे जपानी शिकण्यासाठी मिळालेला पगारी वेळ समजा आणि जाण्याआधीच शिकायला लागा. पुण्यात जपानी शिकवणारे चांगले वर्ग अनेक वर्षांपासून आहेत, त्यासाठी हिंजवडी सोडावी लागत नाही. इंग्रजीच्या जोरावर जपानमध्ये पाच वर्षं काढणाऱ्याच्या हातात सहाव्या वर्षी पाच वर्षांपूर्वीचंच इंग्रजी असतं.

आणि ती अट बदलली पाहिजे. १२ वर्षांच्या जागी इंग्रजीची परीक्षा आणि शिकवण्याचा अनुभव ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत ५ लाखांहून जास्त माणसांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं, त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल लोक धरले आहेत. एवढी मोठी बोलणी होतात तेव्हा आपल्या बाजूने कोणीतरी हा मुद्दा टेबलावर ठेवायला हवा की भारतीय भाषांत शिकलेल्या माणसाला इंग्रजी शिकवायला अपात्र ठरवणं हा आमचा अपमान आहे आणि तुमच्या मुलांचं नुकसान. दिल्लीला हा मुद्दा सुचणार नाही. मराठी, तमिळ, कन्नड माध्यमांतून आलेल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी तो मांडावा लागेल, आणि दाखला खिशात असलेल्या माझ्यासारख्यांनी त्यांच्या बरोबर उभं राहावं लागेल.

राहिला घरातला प्रश्न. पुढच्या जूनमध्ये तुमच्या भाच्याचा किंवा पुतणीचा पहिलीचा प्रवेश ठरत असेल. कोणीतरी म्हणेलच, इंग्लिश मीडियमला घाला, परदेशात नोकरी मिळते. तेव्हा त्यांना तीन गोष्टी विचारा. कुठली नोकरी, किती वर्षांची, आणि तिच्या बदल्यात पोरीकडून काय काढून घेणार आहात?